लगमाण्णाच्या आधीचा शब्द

सदलग्याच्या घाटावर आता पूल आहे.
होडी नाही, होडीवाला नाही,
मला मात्र त्याच्यावर एक वाक्य लिहायचंय, नऊ सेकंदांचं.
तेवढाच वेळ पडद्यावर दूधगंगा वाहणार आहे.

एक्केचाळीसच्या पुरात
अमुक अशा लगमाण्णा अंबीची होडी बुडाली, अकरा जीव गेले.
ह्या 'अमुक'च्या जागी काय?

फौजदाराचा अहवाल म्हणतो, दारुडा.
टाईप केलेला कागद, झोकदार सही, गोल शिक्का.
पहिल्या खर्ड्यात मी तोच शब्द उचलला.
कागद नीट असला की माणूस फार विचारत नाही.

मग तारीख पाहिली.
चोवीस जुलै, मुक्काम चिकोडी.
त्या दिवशी चिकोडीची वाट ओढ्यानं तोडली होती,
त्याच फायलीत मामलेदारानं लिहून ठेवलंय.
म्हणजे फौजदार घाटावर आलाच नाही.
त्यानं ऐकलं, 'गावचे पाटील यांजकडून'.
आणि जकातीची पावती सांगते,
होडीत माणसांखेरीज तंबाखूची सात बोदं होती,
पाटलांची.
बोदांबद्दल अहवालात अक्षर नाही.

नातू म्हणाला, आजा थेंबाला शिवला नव्हता.
नव्या पुलाला आज्याचं नाव द्या,
असा अर्ज त्यानं पंचायतीत टाकलाय.
चहा चांगला होता. मी समासात लिहिलं:
नातू. माया. अर्ज.

तर गुत्तेदाराच्या वहीत,
फेब्रुवारी ते जून, लगमाण्णा बावीस वेळा.
उधारीसकट.
जुलैचा नेमका तो आठवडा कसरीनं खाल्लाय.
कसर कुणाच्या बाजूची नसते.

काडव्वा एक्क्याण्णव वर्षांची, तेव्हा सात.
पहिल्यांदा म्हणाली,
'त्यो वरडत हुता की गा, उतरा, बोदं उतरा म्हणून.'
दुसऱ्यांदा म्हणाली, गाणं म्हणत हुता.
तिसऱ्यांदा कॅमेरा बंद होता, ती शेंगा सोलत होती,
मान वर न करता म्हणाली,
'मी न्हवतेच तितं. आई सांगायची.'
सगळ्या मुलाखतीत
स्वतःची किंमत कमी करणारं हे एकच वाक्य.
मी त्याच्यावर विश्वास ठेवला,
आणि तिचा पहिला सुंदर तुकडा हातातून गेला.

बेळगावात, खडेबाजारच्या माडीवर,
बस्सू संकलनाला बसलेला.
कन्नड निवेदनात दारुड्याला 'कुडुक' म्हणतात.
आपल्याकडे कुडूक म्हणजे अंडी न घालणारी कोंबडी.
आम्ही दोघं हसलो, मग तो गप्प झाला.
'मॅडम, हा शब्द टाकलात तर तिकडचे म्हणतील,
मराठी बाईनं आमच्या अंबिगेराला बदनाम केलं.
काढलात तर इकडचे म्हणतील, घाबरली.'
लगमाण्णा उतारूंना दोन्ही भाषांत हाका मारायचा,
एवढं मात्र सगळे सांगतात.
पाटलांची पणती सुद्धा.

पीत होता, हे खरं.
त्या दिवशी प्यायला होता, हे कुणी पाहिलं?
सवय आणि गुन्हा यांच्यामध्ये
एक अख्खी नदी असते, पुराची.
मी ती एका शब्दात ओलांडणार होते.

शेवटी असं लिहिलं:
लगमाण्णा अंबी दारू पीत असे.
त्या दिवशी तो प्यायला होता,
असं घाटावर न आलेल्या एका माणसानं नोंदवलं आहे.
होडीत तंबाखूची सात बोदं होती.

बस्सूनं घड्याळ लावलं. सतरा सेकंद.
'नदी नऊच आहे, मॅडम.'
म्हटलं, आणखी थोडी वाहू दे.
आणखी चित्रण नव्हतं, म्हणून त्यानं पाणी हळू केलं.
'हळू केलेलं पाणी खोटं दिसतं,' म्हणाला.
मी दोनदा पाहिलं.
दिसतं खरं.