दीड ओळ

आठवीच्या पुस्तकात त्या मुलखाला दीड ओळ आहे.
एक सोन्याची, अर्धी मिठाची,
आणि खालच्या नकाशात शाई उमटली नाही म्हणून
वाळवंटाच्या मधोमध पांढरा डाग.

मी मिरजेला गेले.
सतारमेकर गल्लीत निसारभाईंनी
तंबोऱ्याला नापास झालेला भोपळा काढून दिला,
बुडाशी केसाएवढी चीर.
"सूर धरायचा नाही हा," म्हणाले, "पोरांना बडवायला न्या."
जतच्या एसटीत तो मांडीवर घेऊन बसले.
कंडक्टर म्हणाला, ह्याचं अर्धं फाडू का?
कवठेमहांकाळपर्यंत अख्खी गाडी हसत होती.

कातडं शिवाप्पानं ताणलं,
त्याच्या बापाचा ढोल असतो बिरोबाच्या पालखीपुढं.
तारा सायकलच्या ब्रेकच्या, सात.
तिकडं एकवीस असतात, मी सांगितलं.
मग उरलेल्या चौदा
पोरं तोंडानं वाजवू लागली.

दुसऱ्या दिवशी डबे उघडले.
बाजरीची भाकरी, अंबाडीची भाजी, चवळीची उसळ.
म्हटलं, ही तिघंही मूळची तिकडची, आफ्रिकेतली.
वर्गात गलका.
"बाजरी आमच्या रानातली हाय, बाई. आज्जा पेरायचा."
आज्ज्याच्या आज्ज्याच्याही आधी, म्हटलं,
कुणीतरी चार कणसं धडप्यात बांधून...
वाक्य तिथंच सोडलं. पुढचं मलाही ठाऊक नव्हतं.
सुगंधा भाकरीकडं बघत राहिली,
पाहुणीकडं बघावं तशी.
मग खाल्ली.

दसरा होऊन आठवडा झालेला.
घरोघरचं वाळकं सोनं आणवलं, आपट्याचं,
आणि किराणावाल्याकडनं जाडं मीठ.
नियम एकच: बोलायचं नाही.
मिठाचा ढीग मांडून लिंबाआड जायचं.
दुसऱ्यानं यायचं, शेजारी सोनं ठेवून
तिकडं पाण्याच्या टाकीआड.
कमी वाटलं तर हात लावायचा नाही, नुसतं परत फिरायचं.
त्रेचाळीस पोरं, अर्धा तास, शब्द नाही.
हेडमास्तर पळत आले, काय झालं बघायला.
शेवटी मीठच महाग पडलं.
ऊन चढलं तसं निम्मं चाटून संपवलेलं.

हेळवी इकडं तीन-चार वर्षांनी एकदा येतो.
यंदा धानाप्पा आला तो चावडीवरून सरळ वर्गात आणला.
बैल पायरीशी बांधला, वह्यांची पडशी टेबलावर.
मी म्हटलं, तिकडंही तुमच्यासारखेच असतात,
भोपळा छेडत राजाच्या पिढ्या सांगतात.
त्यानं एक तार ओढून बघितली.
"त्यांच्या बी वह्या असत्यात?"
नाही. तोंडपाठ.
बराच वेळ गप्प.
मग वही मिटली, डोळेही,
आणि शिवाप्पाच्या घरच्या अकरा पिढ्या सांगायला लागला.
नवव्या नावाशी अडखळला.
बोट वहीवर गेलं,
पण उघडली नाही.

मागच्या बाकावरून सुगंधा म्हणाली,
"ह्यात बायका न्हाईत व्हय?"
"पोरी नांदायला जात्यात, बाळ. वही जाग्यावर ऱ्हाती."
ती उठली. भोपळा मांडीवर घेतला, एकच तार.
मी सुगंधा, शालनची.
शालन गौराबाईची.
गौराबाई...
तार वाजत राहिली.
नाव येईना.
तेवढ्यात घंटा झाली, आणि पायरीवर बैलानं टाकलेलं शेण
उचलायला दोघं धावले.

पुढच्या चाचणीत त्या मुलखावर टीप लिहा होतं, दोन गुणांची.
बहुतेकांनी दीड ओळच लिहिली.
एकानं नुसतं लिहिलं: मीठ चाटू नये.

सोमवारी सुगंधा माझ्याही आधी वर्गात.
"तायाक्का," म्हणाली. "गौराबाईची आई. उमदीची.
आईनं मावशीला फोन लावून विचारलं."
हजेरीपटाच्या कडेला मी लिहून घेतलं.
आडनाव विचारायला वर बघितलं,
तर ती मेणाची कांडी तापवून
भोपळ्याची चीर बुजवत बसलेली.