जाड तार ढिली करताना

ओस्त्रावाच्या ट्राम डेपोत दिवसभर ब्रेक तपासून
घरी येतो. हात साबणाने दोनदा धुतो,
तरी नखांत काळं राहतंच.
मग बेस गिटार मांडीवर. अँप बंद.
खालच्यांचं बाळ आत्ताच झोपलंय.
विजेशिवाय हे वाद्य म्हणजे
बंद दाराआड कुणी बोलावं, तसं.

समोर कागद: तीनशे वर्षं जुनी सराबांद,
चेलोसाठी लिहिलेली.
चेलोच्या तारा पाच-पाच सुरांवर, माझ्या चार-चार,
म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा कोट
खांदे उसवत अंगात घालायचा.
आणि तळाचा तो सूर, ज्यावर सगळं येऊन टेकतं,
तो तर माझ्याकडे नाहीच.
म्हणून सगळ्यात जाड तार दोन सूर उतरवतो.
ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबते,
पडद्यांवर खडखडते,
आणि तिच्यावरचे सगळे पत्ते बदलतात:
वीस वर्षं ज्या घरात डोळे मिटून शिरत होतो
तिथे आता भलतंच कुणी दार उघडतं.

सातवी ओळ. तीन आठवडे सातवी ओळ.
पहिलं बोट तिसऱ्या पडद्यावर रोवून
करंगळी सातव्यावर न्यायची.
वरचा सूर धरून ठेवायचा,
खालचा चालत राहिला पाहिजे,
आणि मधली तार, जिला कुणी विचारलंही नाही,
ती गुणगुणते. तिला अंगठ्याने गप्प करायचं.
मेट्रोनोम चाळीसवर.
म्हातारं माणूस जिना चढतं, तेवढं.

येनोव्हेफा चर्चमध्ये ऑर्गन वाजवते, वय एक्क्याऐंशी.
एकदा ऐकून म्हणाली,
"यात दोन माणसं बोलतायत.
तू दोघांना एकदमच बोलायला लावतोस.
एकाला थांबू दे. थांबलेलाही ऐकू येतो."
मी मान हलवली. कळलं नव्हतं.

शनिवारी लग्नांत वाजवतो.
ड्रमच्या डावीकडे, मागे,
जिथे फोटोग्राफर आपली बॅग ठेवतो.

फेब्रुवारीत ओपावाला असंच एक लग्न.
जेवणाची सुट्टी, लोक बदकावर तुटून पडलेले.
मी तार उतरवली, उगाच, आणि सुरू केलं.
पहिली ओळ. चौथी. सातवी.
करंगळी गेली. सरळ. जणू तिथेच राहायची.
वरचा सूर थांबला,
त्या थांबण्याच्या खालून दुसरा चालत आला
आणि तळाशी जाऊन टेकला.
लाकूड माझ्या बरगड्यांत घुमलं.

मी मान वर केली.
कुणाचा चमचाही थांबला नव्हता.
टेबलाखाली लपलेला एक पोरगा तेवढा म्हणाला,
"काका, हे वाजतंय,
की तू नुसती बोटं हलवतोयस?"
क्वेतोस्लावने माझा आवाज बंद करून ठेवला होता,
जेवताना खरखर नको म्हणून.

काय बोलणार त्या पोराला?
तेवढ्यात ओल्द्रजिखने काड्या आपटल्या, एक, दोन,
पोल्का!
क्वेतोस्लावने आवाज पूर्ण सोडला,
नवरी उठली,
आणि मी, तार परत चढवायची विसरून,
सवयीने तिसऱ्या पडद्यावर

तळघरात कपाट कोसळावं, असा सूर.
दीडशे माणसांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.
वीस वर्षांत पहिल्यांदा.
नवरीचा एक पाय हवेत.
पोरगा टेबलाखालून ओरडला, "वाजतंय!"

रात्री व्हॅनमध्ये ओल्द्रजिख वाटभर हसत होता.
मीही हसलो. हात मात्र
मांडीवर अजून ती उडी मारून बघत होता.

घरी पोचलो तेव्हा दोन वाजले होते.
बूट न काढताच तार उतरवली.
सातवी ओळ.
करंगळी पोचली नाही.
पुन्हा. नाही.

मेट्रोनोम अडतीसवर आणला.