चौथी छपाई

उद्यमनगरात एकतीस वर्षं मी लाकडाचे साचे केले,
पंपाची बॉडी, कडबाकुट्टीचं चाक,
गुऱ्हाळाच्या चरकाचे दात.
साचा एक, वाळूत ठसे हजार,
आणि हजाराव्या ठशाला पहिल्याची धार नसते
हे डोळ्याआधी बोटाला कळतं.

म्हणून लक्ष्मीपुरीत, बाबालाल बागवानाच्या रद्दीत,
तराजूखाली ते पहिल्यांदा सापडलं तेव्हा
मी विनोद वाचला नाही. अक्षर पाहिलं.
पान एकसष्ट, ओळ तिसरी,
'आर'चा पाय मोडलेला.
ठसा झिजलाय, म्हटलं. ही पहिली छपाई नव्हे.

अमेरिकेतलं हसायचं पुस्तक, शंभरेक वर्षांपूर्वीचं.
मुखपृष्ठावर खेचरावर उलटा बसलेला माणूस.
तो आता माझ्या कपाटात
सात वेळा उलटा बसलाय.

विजयमाला विचारते, एकच पुस्तक सात वेळा कशाला?
एकच नाही गं.
ह्यात खेचराला शेपूट आहे,
ह्यात कुणीतरी ब्लॉक कडेनं तासला, शेपूट गेलं.
ह्याच्या शेवटी चुलीच्या पॉलिशची जाहिरात,
ह्याच्या शेवटी तीन पानं कोरी.
ह्यावर मिशन कंपाउंडचा जांभळा शिक्का,
आणि चाळीस ते त्रेचाळीस ही पानं
कुणा मडमेनं सुईदोऱ्यानं शिवून टाकलेली.
टाके मी अजून उसवले नाहीत.
एवढं बारीक काम उसवायला हात होत नाही.

बरं, वाचून हसू तरी येतं का?
खरं सांगतो, नाही.
बेसबॉल मी पाहिला नाही,
खेचर कधी कुणाच्या गळ्यात मारलं नाही,
आणि मेहुणे आहेत,
पण त्यांच्यावर हसायला मला पुस्तक लागत नाही.

ओहायोतल्या एका ग्रंथपालबाईंना पत्र टाकलं,
मोडक्या 'आर'चा फोटो जोडून.
पाच महिन्यांनी उत्तर आलं.
प्रकाशक बुडाला. हिशेबाच्या वह्या पुरात गेल्या.
(पूर म्हटल्यावर आम्हाला पुढचं सांगावं लागत नाही.)
छापायच्या प्लेटा बेचाळीस साली वितळवल्या,
शिसं लढाईला दिलं.
त्याआधी पातळ कागदावर एक चौथी छपाई
झाली असावी, असं म्हणतात.
प्रत कुणी पाहिलेली नाही.

मी पत्र खिशात घातलं
आणि काही काम नसताना
जुन्या फाउंड्रीत जाऊन ओतकाम बघत उभा राहिलो.

ती चौथी माझ्याकडे आहे.
गांधीनगरच्या तोलाराम तलरेजांनी दिली,
त्यांच्या वडिलांना बराकीच्या कौलाखाली सापडलेली,
तिथं सिंध्यांच्या आधी पोलंडची माणसं राहायची
त्या वळिवड्याच्या छावणीतली.
कागद कांद्याच्या सालीसारखा.
पान एकसष्ट, ओळ तिसरी,
'आर'ला आता पायच नाही.
आणि शेजारी समासात,
शिसपेन्सिलीनं, शाळकरी अक्षरात, दोन शब्द.

मी वर्षानुवर्षं धरून चाललो
की तिला विनोद कळला.
(ती, हे माझंच. अक्षर गोल आहे एवढंच.)
मला जे कळत नाही त्याचा अर्थ
एवढ्याशा दोन शब्दांत लिहून ठेवलाय पोरीनं,
आणि तो मला वाचता येत नाही.

परवा स्मारक बघायला पोलंडचे पाहुणे आले.
गर्दीतून वाट काढत मी पुस्तक पुढं केलं.
एका उंच म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवला,
वाचलं: न्ये रोझुम्येम.
दुभाष्या म्हणाला, म्हणजे,
'मला नाही कळत.'

मग मात्र हसलो.
असा हसलो की म्हातारा घाबरला,
कुणीतरी पाणी आणलं,
विजयमालेनं पाठीवरून हात फिरवला.

रात्री सुताराची जाड पेन्सिल टोकदार केली,
तिच्या शब्दांखाली लिहिलं, 'मलाही.'
खाली तारीख घातली.
पहिल्या तीन छपायांत ती कुठंच नाही,
त्यापायी माझी तीस वर्षं गेली.