पंगत

टोलिडोत मार्च म्हणजे रस्त्याकडेचा काळा पडलेला बर्फ
आणि अरीनाच्या मागच्या दारात, सिगारेटच्या धुरात,
आठवडाभर चाललेला एकच वाद:
थिओडिस क्वार्ल्स कितवा?

स्टॅन कोवाल्चिक तिकिटं तपासतो. त्याच्या मते चौथा.
फरीस हद्दाद खारे दाणे विकतो. म्हणतो, नववा,
आणि नववासुद्धा मी शेजारधर्म म्हणून म्हणतोय.
अंगठ्या मोज, फरीस म्हणतो. एक!
तीही त्या वर्षीची, जेव्हा समोरचा अर्धा संघ
कुबड्या घेऊन बाकावर बसला होता.
स्टॅन रिबाउंड काढतो, ब्लॉक काढतो,
सगळ्यात शेवटी आईची शपथ काढतो.

मग दोघं माझ्याकडे बघतात.
मी फडकेवाला.
सतरा सीझन बास्केटखाली गुडघे टेकून घाम पुसलाय.
दिवसा पोस्टात पार्सलं लावतो, पिनकोडाप्रमाणे.
क्रम लावणं हा तर माझा पोटाचा धंदा,
तरी मला सांगता येत नाही.

मला एवढंच माहीत आहे की
तो पडायचा तेव्हा आधी लाकूड ओरडायचं.
सात फूट एक इंच आडवे झाले की
फळ्यांवर ओला आकार उरायचा,
खांदा, बरगडी, कोपर,
कुठल्याशा न ऐकलेल्या देशाचा नकाशा.
तो देश पुसायला मला नऊ सेकंद.
वरून तो म्हणायचा, "एक कोपरा राहिला, मास्तर."
सतरा वर्षांत आमचं बोलणं एवढंच.

बाकीचे चेंडूसाठी पडायचे.
हा मध्येच खांबासारखा रोवून उभा राहायचा,
धडक छातीवर घ्यायचा,
आणि त्याच्या आडून एखादा चिमुरडा गार्ड
सुळकन निघून जायचा.
दोन गुण. लाउडस्पीकरवर गार्डचं नाव.
धडकेचा आकडा कुठल्या कागदावर आहे?
माझ्या फडक्यावर होता.
ते रोज रात्री मशीनला लागायचं.

आमच्या कुंडलच्या मैदानात
पाठीला माती लागली की विषय संपला;
हलगी दुसऱ्यासाठी वाजायची.
इथे याच्या पाठीला दर रात्री पाच वेळा जमीन लागायची
आणि तो उठून पुन्हा तिथेच जाऊन उभा.
चुलत्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले,
मग हरला कधी म्हणायचं त्याला?
मला तेही सांगता आलं नाही.

काल शेवटचा सामना.
सहा मिनिटं खेळला. एकदाही पडला नाही.
कुणी धडकलंच नाही त्याला,
सगळे जपून, बाजूनं,
म्हातारा माणूस जिना उतरताना जपतात तसे.
तो बाहेर आला तेव्हा लोक उभे होते,
आणि बास्केटखालची जागा कोरडी ठणठणीत.
मी तरी गेलो. गुडघे टेकले. पुसलं.
नजर वर केली नाही.
एक कोपरा मुद्दाम ठेवला.
तो काही बोलला नाही.

तेव्हा स्टॅन, फरीस, ऐका.
तुम्ही पंगत मांडताय:
पहिला पाट कुणाला, चांदीचं ताट कुणापुढे,
दाराशी कोण, खांबाआड कोण.
मांडा. हौसेचं काम आहे.
पण त्या माणसाला मांडी घालता येत नाही.
डावा गुडघा दोनदा उघडलाय, उजव्यात स्क्रू आहेत.
तो बसणार कुठे तुमच्या पाटावर?
तो इतकी वर्षं वाकून वाढत होता.
वाढप्याला कितवा म्हणतात,
हे मी कुठल्याच लग्नात ऐकलं नाही.
त्याचं पान शेवटी मांडतात,
आणि तोवर जिलबी संपलेली असते.

फरीस थोडा वेळ गप्प राहिला.
जिलबी त्याला कळली असावी; पाट कळला नसावा.
मग कागदाच्या पुडीत दाणे ओतत म्हणाला,
"म्हणजे नववाच ना?"

स्टॅननं सिगारेट बर्फात खुपसली.
आत कुणीतरी दिवे एकेक करून घालवत होतं.