गुरुवारचा रोगी

आचाओच्या अग्निशमन दलात, बंबांच्या पलीकडच्या खोलीत
आमचा वर्ग भरायचा.
शेगडीत ओलं सरपण,
आणि जमिनीवर, कमरेखाली काहीच नसलेला
एक रबरी पुतळा. त्याचं नाव आम्ही मेव्हणा ठेवलं होतं.

मेव्हण्याची छाती दाबत आम्ही हिवाळा काढला.
तीस दाब, दोन श्वास, तीस दाब.
मेव्हणा कधी मेला नाही,
कधी जगलाही नाही.

कार्कामो बाई म्हणायच्या,
काही दुखणी दरोडा घालतात,
दार फोडून येतात, बहिऱ्यालाही ऐकू जातं.
काही घरजावई होऊन राहतात.
पानावर बसतात, पलंग धरतात,
वीस वर्षांत घरातलं कुणी
त्यांच्याकडे मान वर करून बघत नाही.
आणि एका रात्री तोच घरजावई
दरोडेखोराला आतून कडी काढून देतो.
ती कडी वाजते, पोरांनो. फार हळू वाजते.

आम्ही हे वहीत उतरवून घेतलं.
खाली दोन रेघा मारल्या.

दर गुरुवारी एदेलमिरो चिगुआय यायचा.
फेरीबोटीवर दोरखंड फेकण्यात जन्म गेलेला,
एकतीस वर्षांचा मधुमेह, डाव्या पायाची दोन बोटं कमी.
कॉफी आणि बसभाड्याच्या बदल्यात
तो आमच्यासाठी आजारी पडायचा.
कधी छातीत कळ, कधी अर्धांगवायू,
एकदा मधमाशी डसून मिटत आलेला गळा.
असा रंगून करायचा
की नेल्सन रडकुंडीला आला
आणि म्हातारा एक डोळा उघडून म्हणाला,
"आधी नाडी बघ. मग रड."

ऑगस्टमधल्या त्या गुरुवारी
चिठ्ठीवर होतं: दारू पिऊन पडलेला इसम.
तो भेलकांडला. जीभ जड झाली.
बाईंना 'आई' म्हणाला, खुर्चीला शिवी हासडली.
आम्ही पोट धरून हसलो.
गुणांचा कागद माझ्याकडे होता.
मी लिहिलं, अभिनय: दहापैकी दहा.

याझना बारिया हसली नाही.
मासळीच्या कारखान्यातली रात्रपाळी उरकून
ती थेट वर्गाला यायची, बोटं गारठलेलीच.
तिनं त्याच्या मानेला हात लावला
आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली,
"घाम खरा आहे."

बोटाला सुई. एक थेंब.
यंत्रावर आकडा आला: एकतीस.
जितकी वर्षं, तितकीच उरलेली साखर.

मग कुणी ओरडलं नाही.
बाई दोन पावलांवर उभ्या, हात पाठीमागे.
"गिळता येतंय?"
"नाही."
"मग तोंडात काही नको."
कुशीवर वळवलं. नेल्सनची शीर चुकली.
पुन्हा शोधली, मिळाली.
ग्लुकोज थंडीत थिजलेल्या मधासारखं
सावकाश, फार सावकाश आत गेलं.
खिडकीबाहेर ओहोटी,
होड्या चिखलात कलंडलेल्या.
बाईंचे हात तेव्हा मला मागून दिसले:
एका हातानं दुसऱ्याचं मनगट
घट्ट, पांढरं पडेपर्यंत धरलेलं.

एदेलमिरोनं डोळे उघडले.
उतारू मोजावेत तसं आम्हाला एकेक करून मोजलं.
"संवाद विसरलो की काय मी?"

सकाळी त्यानं इन्सुलिन टोचलं होतं,
पाव खायचा राहिला होता.
बस लवकर आली होती. बस, एवढंच.

पुढच्या गुरुवारी तो पुन्हा आला,
खिशात साखरेचे खडे, आणि कॉफीत दूध जास्त मागत.

मी आता केयोनला रुग्णवाहिकेवर असतो.
तो गुणांचा कागद अजून आहे. दहा खोडलेले नाहीत.
पहाटे कुणाच्या तरी दारात उभे राहतो आम्ही,
आणि घरचे जांभई देत सांगतात,
काही नाही हो, नेहमीचंच आहे त्याचं.

हे 'नेहमीचंच' ऐकलं
की मी हातमोजा चढवण्याआधी
उघडा हात त्याच्या मानेला लावतो.