वंशावळ : प्रॅक्टिकल क्रमांक चार

मानवशास्त्र घेतलं म्हटल्यावर वडील म्हणाले,
माणसांचं शास्त्र? मग आम्ही रोज काय करतो?
ते नोटांच्या छापखान्यात, नाशिकरोडला.
नोटेतली कोरी जागा उजेडापुढे धरून तपासायची,
आणि संध्याकाळी झडती देऊन रिकाम्या खिशांनी घरी यायचं,
अशी एकतीस वर्षं.

बसमध्ये कुणी विचारलं तर मी सांगते, मानवशास्त्र.
त्यांना मानसशास्त्र ऐकू येतं.
मग म्हणतात, सांग बरं माझ्या मनात काय आहे.
कॉलेज रोड येईपर्यंत मी काहीतरी सांगत राहते.

वर्गात आम्ही सात.
सुरगाण्याच्या रंजिता भोयेला पुस्तकात
तिचीच माणसं सापडली, पान एकशे बारा :
'हे लोक नृत्यप्रिय असतात.'
मला तर येत नाही गं, ती म्हणाली,
आणि दिवसभर कुणाशी बोलली नाही.

पहिल्या सत्रात डोकी मोजली.
वडील रात्रपाळीहून आलेले, डोळे मिटून बसलेले,
कॅलिपरची वाकडी बोटं मी त्यांच्या कानांवर टेकवली.
किती आलं?
सांगितलं.
चांगलं की वाईट?
आता कुणी तसं म्हणत नाही, म्हटलं. पूर्वी म्हणायचे.
त्यापायी बरंच वाईट झालं जगात.
मग मोजता कशाला?
हा प्रश्न मी जर्नलमध्ये उतरवला.
पिंगळे मॅडमनी शेजारी लाल शाईने बरोबरची खूण केली.
उत्तर नाही लिहिलं.

मग वंशावळ.
पुरुष त्रिकोण, बाई वर्तुळ,
लग्न म्हणजे दोन आडव्या रेघा,
गेलेल्या माणसावर तिरकी काट.
रविवारी शीट पसरून बसलो. वडील भराभर सांगत गेले :
कचरू, त्याचा रावजी, रावजीचे तिघे.
आणि रावजीची बायको?
ती वडांगळीची.
तिची सासू?
बारागाव पिंप्रीची.
नाव विचारतेय.
तेच तर सांगतोय.
माझ्या वर्तुळांमध्ये सिन्नर तालुका भरत गेला,
एसटीच्या पाटीसारखा.

गुरुवारी मॅडमनी नावांवर तास घेतला.
मुलं जगत नसली की पुढच्याला नकोसं नाव द्यायचं.
केरू, उकिरड्या, दगडू,
म्हणजे मरणाला वाटावं, हे काय न्यायचं.
मी लिहून घेत होते.
धोंडू, त्या म्हणाल्या. धोंडीराम.
पेन तिथेच राहिलं.

छापखान्यात सगळे त्यांना डी. आर. म्हणतात.
बिल्ल्यावरही डी. आर. सांगळे.
मला वाटायचं, ऐट आहे.

घरी ते लसूण सोलत होते.
तुमच्या आधी कोण होतं?
सोलत राहिले.
मग म्हणाले, एक होती.
नाव?
बारसं व्हायचं होतं.
आई काहीतरी म्हणतच असेल ना तिला.
म्हणत असेल. मी तर नंतरचा, मला कोण सांगणार?
एक पाकळी उगाच दोनदा सोलली.
मला कधी लाडाने हाक नाही मारली आईने.
लोकांसमोर तर नाहीच. हा धोंडा, म्हणायची,
ह्याला काय होतंय.
लहानपणी राग यायचा.

त्यांच्या त्रिकोणाच्या डावीकडे मी वर्तुळ काढलं.
मोठं भावंड डावीकडे, असा नियम.
काट मारली.
खाली नावाची जागा.
माहिती नसल्यास कोरी ठेवावी, असं सूचनेत आहे.

वडिलांनी हात पुसले. चष्मा लावला.
शीट उचलून सवयीने ट्यूबलाइटपुढे धरली,
बराच वेळ.
मग म्हणाले,
ही काट जाड आलीय.
हलकी कर जरा.