शक्यता

सोहारच्या मागे, वादी जिझ्झीत
काळ्या उशा पडल्यात एकावर एक.
समुद्राच्या तळाशी लाव्हा फुटला,
पाण्यात येताच साय धरली त्याने.
तेव्हापासून कुणी डोकं टेकलेलं नाही.

मी रस्त्याची मोजणी करतो.
कंपनीच्या कागदावर धोक्यांचा तक्ता:
पूर. ऊन. फुरसं. दरड.
आणि तळाला, कुणी का छापलंय देव जाणे,
ज्वालामुखी. शक्यता?

भूगर्भवाल्या शम्साबाई हसल्या.
"साडेनऊ कोटी वर्षं झाली.
चूल राहिली तिकडेच,
इथवर सरकत आली ती नुसती खरवड."

आमच्या पाटणचा कातळ,
ज्याचं जातं, ज्याचा उंबरा,
याच्याहून तीन कोटींनी धाकटा.
तोही विझलेलाच म्हणतात.
तरी रात्री कधी मांडणीवरची भांडी वाजतात
आणि आई उठून दिवा लावते.

खलफानने थर्मासमधला काहवा ओतला.
मी उशीवर तळवा ठेवला. कोमट.
"उन्हाची ऊब," तो म्हणाला, न बघताच.
उन्हाचीच.
शून्य लिहिलं, सही केली.

हात तेवढा राहिला तिथेच.
अंधार पडला, गाडीचे दिवे लागले,
दगड गार व्हायला
वाटलं होतं त्याहून उशीर लावत होता.